ढोल की तार? तुणतुण्यापासून गिटारच्या बंद आघातापर्यंत

१/
मराठीत ‘तेच तुणतुणे वाजवू नका’ असे म्हटले की ऐकणारा खजील होतो. एक तार, एक सूर आणि कंटाळा, असा त्या वाक्प्रचाराचा रोख. आज जळगाव-धुळ्यात अकूस्टिक गिटार हाती घेणारी तरुण मंडळी मात्र महिनोन्‌महिने नेमक्या याच गोष्टीसाठी झटतात: तार छेडायची, सूर लांबू द्यायचा नाही आणि तारेतून ठेका काढायचा. या दोन तारांच्या नात्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
आधी गिटारची बाजू. स्ट्रमिंग करताना हात तारांवरून खाली-वर फिरतो आणि कॉर्ड घुमते. त्यात मधूनच एक कोरडा ‘चक’ ऐकू येतो. तो काढण्याचे मुख्य मार्ग दोन. डाव्या हाताची बोटे तारांवर पूर्ण न दाबता नुसती टेकवायची. किंवा उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवत त्याच क्षणी आघात करायचा. तार कंप पावण्याआधीच थांबते. उरतो तो केवळ आघात.

३/
नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो. तार थांबवायची म्हटले की तो हातही थांबवतो, आणि लय तुटते. हात लोलकासारखा फिरत राहिला पाहिजे, थांबायचे ते फक्त तारेने. वाजवणे आणि थांबवणे या दोन क्रिया एकाच झोक्यात बसवणे, हे या तंत्राचे सारे अवघडपण. सूर काढण्याहून सूर आवरणे कठीण, हे पहिल्या आठवड्यातच कळते.

४/
आता तुणतुणे. लाकडी नळकांडे, वरचे तोंड उघडे, खालचे कातड्याने मढवलेले. नळकांड्याच्या कडेला एक उभी काठी आणि तिच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार नळकांड्याच्या पोकळीतून वर जाऊन त्या खुंटीला बांधलेली. हातातल्या लहानशा कोनाने, म्हणजे लाकडाच्या बारीक तुकड्याने, ती छेडायची. खुंटी पिळून तार गाणाऱ्याच्या षड्जाला मिळवली की वाद्य सज्ज.

५/
या रचनेत एक मोठी युक्ती दडली आहे. गिटारच्या तारेची ऊर्जा लाकडी पाटीत हळूहळू झिरपते, म्हणून तिचा सूर काही सेकंद टिकतो. तुणतुण्याची तार थेट कातड्यालाच बांधलेली. कातडे हलके, ते तारेची ऊर्जा झटकन हवेत उधळून देते. आवाज मोठा उठतो आणि लगेच विझतो: ‘तुण’. गिटारवादकाला जे हाताने कमवावे लागते, ते तुणतुण्याच्या कारागिराने वाद्याच्या अंगातच घातले आहे.

६/
खान्देशात हा आवाज कुठे भेटतो? लग्नानंतरच्या गोंधळात. संबळ, झांज, तुणतुणे आणि पेटती दिवटी. धुळ्यात पांझरेकाठची एकवीरा, वणीची सप्तशृंगी अशा कुलदेवींना गोंधळाला येण्याचे आवाहन होते ते या साथीवर. शाहिरीत डफाच्या जोडीला तुणतुणे असते. आणि तमाशात ते असते. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजाराबरोबर फड उतरतात, तेथेही परंपरेने ढोलकीच्या पाठीमागे ही तार उभी असते.

७/
‘पाठीमागे’ हा शब्द शब्दशः घ्यावा. पोवाड्यात वा वगात मुख्य गायक पुढे उभा असतो. त्याच्या मागे झील धरणारे साथीदार: एकाच्या हाती तुणतुणे, दुसऱ्याच्या हाती झांज वा मंजिरी. गायकाची ओळ संपली की ‘जी जी’ करत ती उचलायची, उंच सुरात ताणायची आणि हातातला ठेका क्षणभरही ढळू द्यायचा नाही. गळा आणि हात दोघेही सतत कामावर. प्रेक्षकांची नजर मात्र ढोलकीवर आणि नाचणाऱ्या पावलांवर.

८/
येथे एक प्रश्न उभा राहतो. ढोलकी आहे, डफ आहे, संबळ आहे, मग ठेक्यासाठी तार कशाला? उत्तर असे की तुणतुणे दोन कामे एकदम करते. प्रत्येक आघाताबरोबर ते गायकाला षड्ज पुरवते आणि त्याच आघाताने मात्राही मोजते. ना तंबोरा सोबत न्यावा लागत, ना पेटी. गावोगाव पायी हिंडणाऱ्या कलावंताला खांद्यावर वाहता येईल असे हे सूर आणि लय यांचे एकत्रित ओझे.

९/
अभ्यासकांची पंचाईत झाली ती यामुळेच. नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले: तारेचे तत, फुंकीचे सुषिर, कातड्याचे अवनद्ध आणि धातूचे घन. तुणतुण्यात तारही आहे आणि कातडेही. १९१४ साली एरिख फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी जगातील वाद्यांची वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात या घराण्यातील भारतीय वाद्यांसाठी त्यांना ढोलांच्या विभागात एक स्वतंत्र कप्पा करावा लागला: ‘छेडले जाणारे ढोल’.

१०/
पुढे केंब्रिजचे लॉरेन्स पिकेन यांच्यासारख्या संशोधकांनी या कप्प्यावर आक्षेप घेतला. बंगालच्या बाउलांचे गोपीयंत्र आणि आनंदलहरी ही याच घराण्यातील वाद्ये. त्यांच्या बाबतीत युक्तिवाद असा की सुराची उंची ठरवते ती तार. कातडे केवळ तो आवाज मोठा करते. म्हणून हे तंतुवाद्यच. तुणतुण्याबाबतही तेच म्हणता येते. तरीही मूळ संभ्रम अर्थपूर्ण आहे. ज्या वाद्याकडे पाहून विद्वानांना ‘तार की ढोल’ हे ठरवता येईना, ते वाद्य वाजवणाऱ्यांनी दोन्ही अंगांनी वापरले होते.

११/
याच घराण्यातले चौंडके पाहावे. त्याला काठीही नाही, खुंटीही नाही. नळकांडे काखेत दाबायचे, तारेचे मोकळे टोक एका हाताने ताणून धरायचे आणि दुसऱ्या हाताने छेडायचे. मूठ घट्ट केली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. यल्लम्माच्या जोगत्यांच्या हाती हे वाद्य शतकानुशतके आहे. तारेवरचा ताण मुठीत ठेवून आघाताला चढ-उतार देणे, म्हणजे जवळपास ढोल बोलता करणेच.

१२/
मग या कलेचा लेखी इतिहास इतका विरळ का? पोवाड्यांचेच उदाहरण घ्यावे. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲक्वर्थ यांनी गोंधळी-शाहिरांकडून पोवाडे मिळवून १८९१ साली मोठा संग्रह छापला. ॲक्वर्थ यांची इंग्रजी भाषांतरे १८९४ साली आली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ग्रंथ मोलाचे. पण छापली गेली ती शब्दांची बाजू. तुणतुणे कोणत्या मात्रेवर पडत होते आणि झील कुठे उचलली जात होती, हे कागदावर उतरले नाही. ठेका वादकाच्या मनगटात राहिला आणि वादकाबरोबर गेला.

१३/
दुसरे कारण प्रतिष्ठेचे. जळगावची संगीतातील ओळख बालगंधर्वांशी जोडलेली आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांचे बालपणीचे काही शिक्षण जळगावात झाले, आणि शहरातील खुल्या नाट्यगृहाला आज त्यांचे नाव आहे. त्या संगीताची मानाची तार म्हणजे तंबोऱ्याची: कधीही न तुटणारा, अखंड नाद. जी तार तुटक बोलते आणि ठेका धरते, ती देवळाच्या ओट्यावर आणि तमाशाच्या कनातीत राहिली.

१४/
शास्त्रीय वादनाला तारेचा ठेका परका होता असे मात्र नाही. बीन आणि रबाबाच्या परंपरेत ‘तारपरण’ नावाचे अंग आहे. त्यात पखवाजाचे बोल तारेवर वाजवले जातात. सतारीच्या झाल्यात चिकारीच्या तारांवरचे वेगवान आघात हे लयीचेच काम करतात. म्हणजे तंत्र दोन्हीकडे होते. दरबारात त्याला शास्त्राचे नाव मिळाले, यात्रेत ते नुसती साथ ठरले.

१५/
गिटारच्या मायभूमीतही अशीच हेटाळणी आढळते. १६११ साली स्पेनमध्ये सेबास्तियान दे कोवारुबियास याने स्पॅनिश भाषेचा प्रसिद्ध कोश छापला. गिटारबद्दल लिहिताना त्याची नाराजी लपत नाही: हे वाद्य गुरांच्या गळ्यातल्या घंटेच्या तोलाचे, विशेषतः नुसते खरडून वाजवायला इतके सोपे की तबेल्यातला प्रत्येक पोऱ्या वादक होऊन बसला आहे. मराठीने वाक्प्रचारात जे केले, ते स्पॅनिशने थेट शब्दकोशात केले.

१६/
कोशकाराची नाराजी ज्या प्रकारावर होती तो ‘रास्गेआदो’, म्हणजे साऱ्या तारांवरून बोटे फिरवून वाजवणे. पण खरडण्याची हीच रीत टिकली. १६०६ साली इटलीत जिरोलामो मोंतेसार्दो याने कॉर्डना अक्षरे देऊन शिकवण्याची पद्धत छापली. आघात खाली की वर, तेही रेघांनी दाखवले. पुढे फ्लामेंकोच्या वादकांनी गिटारच्या पाटीवर बोटांनी ठोके मारण्याची रीत रुळवली. ठोक्यांनी लाकूड झिजू नये म्हणून त्या गिटारवर आजही संरक्षक पट्टी चिकटवलेली असते.

१७/
अटलांटिकच्या पलीकडे या कथेला वेगळे वळण मिळते. १७३९ साली दक्षिण कॅरोलायनात गुलामांचा उठाव झाला. दुसऱ्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे बाळगण्यास बंदी केली. त्या आवाजांनी माणसे एकत्र येतात ही मालकांची भीती. त्याच समाजाने पश्चिम आफ्रिकेच्या वाद्यांच्या स्मृतीतून बँजो घडवला होता: कातड्यावर ताणलेल्या तारा, झटकन उठून झटकन विझणारा आवाज. तुणतुण्याचीच युक्ती, सातासमुद्रापार, पूर्णतः स्वतंत्रपणे सापडलेली.

१८/
विसाव्या शतकात गिटारने ढोलाची जागा उघडपणे घेतली. १९३४ साली पॅरिसमध्ये जँगो रेनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांचा वाद्यमेळ उभा राहिला. त्यात ढोल नव्हताच. रेनहार्टच्या मागे दोन गिटारवादक केवळ ठेका धरत: आघात करायचा आणि डाव्या हाताची पकड लगेच सैल करून तार विझवायची. या रीतीला ‘ला पोंप’, म्हणजे पंप, असे नाव पडले. पाणी उपसणाऱ्या दांड्यासारखी अखंड हालचाल, आणि प्रत्येक सूर वेळेवर तोडलेला.

१९/
तुणतुणेवाल्याच्या सर्वांत जवळचा पाश्चात्त्य वादक म्हणजे फ्रेडी ग्रीन. काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदात तो १९३७ साली आला आणि १९८७ साली मृत्यू येईपर्यंत जवळजवळ सतत त्याच जागी राहिला. वृंदात ढोलवादक होता, तरी ग्रीनची गिटार प्रत्येक मात्रेवर पडत असे. तो बहुतेक तारा दाबून मोजकेच स्वर बोलू देई, आणि एकट्याने वाजवण्याचा मोह त्याने जवळपास कधीच धरला नाही. श्रोत्यांना त्याची गिटार वेगळी ऐकू येत नसे. वृंदाची चाल मात्र तिच्यावर पेललेली असे.

२०/
आणि जॉनी कॅश. अमेरिकी ग्रामीण संगीताचे मोठे व्यासपीठ असलेल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’वर ढोलांना दीर्घकाळ मज्जाव होता. कॅशच्या सुरुवातीच्या चमूतही ढोलवादक नव्हता. त्याने गिटारच्या तारांमध्ये कागदाची घडी सरकवली आणि स्ट्रमिंग केले. लहान ढोलावर छड्या पडाव्यात तसा खरखरीत ठेका निघाला. १९५६ च्या ‘आय वॉक द लाइन’मध्ये तो आवाज आजही ऐकता येतो.

२१/
त्या कागदाशेजारी मिरजेच्या तंबोऱ्यातला दोरा ठेवून पाहावा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात; योग्य जागी तो बसला की जवारी खुलते आणि नाद लांबतो. कॅशने तारांत कागद सरकवला तो नाद तोडण्यासाठी. दोन्हीकडे तारेला काहीतरी हलकेच टेकवले आहे. एकाला अखंडता हवी होती, दुसऱ्याला ठेका. वाद्य घडते ते वाजवणाऱ्याच्या गरजेप्रमाणे.

२२/
महाराष्ट्रात गिटार रुजली ती प्रामुख्याने गोव्याच्या वाटेने. पोर्तुगीज राजवटीत तेथील ख्रिस्ती घरांत आणि चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मुरले. मांडो गाताना व्हायोलिन-गिटारसोबत मातीचे, कातड्याने मढवलेले घुमट वाजू लागले. तेथील वादक मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले, आणि त्यांच्या हातची ऱ्हिदम गिटार रेडिओवरून खान्देशातल्या घराघरांत पोहोचली. वाद्य अनेकांनी प्रत्यक्ष पाहण्याआधीच त्याचा ठेका कानी पडला होता.

२३/
म्हणून आज गिटार शिकणाऱ्याला हे तंत्र परके वाटण्याचे कारण नाही. त्याची परिभाषा आपल्याकडे तयार आहे. तबला-ढोलकीत बोल दोन जातींचे: घुमणारे ते खुले, हात टेकवून दाबलेले ते बंद. तालात टाळी असते तशी खालीही असते. खालीची मात्रा मोजली जाते, ती गळत नाही. गिटारचा ‘चक’ हा बंद बोल आहे. तेथे सूर नाही, पण मात्रा पुरेपूर आहे.

२४/
केरवा घ्यावा: धा गे ना ति, न क धि न. त्यातला ‘क’ डग्ग्यावर सपाट पंजा टेकवून काढतात. तो बंद आहे म्हणूनच पुढचा ‘धि’ उठून दिसतो. गिटारवरही आठ अर्धमात्रांत हात खाली-वर फिरवावा आणि तिसऱ्या व सातव्या जागी तार बंद करावी. आधी डावा हात नुसता टेकवून साऱ्याच तारा मुक्या ठेवाव्यात आणि तोंडाने मात्रा मोजाव्यात. हात न थांबता ठेका स्थिरावला की मगच कॉर्ड धरावी. आधी ठेका, नंतर सूर.

२५/
आज तमाशाच्या मंचावर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. षड्ज एका कळीतून मिळतो, ठेका दुसऱ्या कळीतून. दोन्ही कामे एकाच तारेवर करणाऱ्याची गरज त्यामुळे कमी झाली. गोंधळात तुणतुणे अजून वाजते. पण त्याचे वादन स्वतंत्र विद्या म्हणून शिकावे-शिकवावे, असे फारसे कुणाच्या मनात येत नाही. ज्या शहरांत मुले पैसे भरून तार आवरायला शिकतात, त्याच शहरांच्या परिसरात ती विद्या पिढीजात जाणणारे हात आहेत, आणि त्यांच्याकडे कुणी विद्यार्थी म्हणून जात नाही.

२६/
शाळिग्राम-ॲक्वर्थ यांच्या काळी ठेका टिपून ठेवण्याचे साधन हाताशी नव्हते. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. पुढच्या वेळी घरच्या गोंधळात संबळाच्या मागची तार ऐकू आली की मोबाइल नाचणाऱ्यांवरून थोडा बाजूला वळवावा. वादकाचे नाव आणि गाव विचारून घ्यावे, मनगट नीट टिपावे, कोणत्या मात्रेवर आघात पडतो ते मोजावे. मग घरी येऊन तोच ठेका गिटारवर, तारा दाबून, काढून पाहावा. ‘तेच तुणतुणे’ किती अवघड आहे, हे तेव्हा कळेल.

#इतिहास #खान्देश #लोकवाद्ये #मराठी